हेअर एक्स्टेन्शन कशाने जोडायचं: क्लिप, टेप, रिंग की केराटिन?

एक्स्टेन्शन बसवायला गेलं की पहिला प्रश्न लांबीचा येतो, 18 इंच की 22? दुसरा रंगाचा. जोडायचं कशाने, हे बहुतेक वेळा पार्लरमध्ये जे येतं त्यावर ठरून जातं. खरं तर सगळ्यात आधी तेच ठरवायला हवं. बसवलेले केस दोन महिने नीट राहतात की दहाव्या दिवशी निसटतात, हे लांबीवर अवलंबून नसतं. डोक्याला तेल किती वेळा लावता, तुमचे केस किती भार पेलतात आणि दर दीड-दोन महिन्यांनी पार्लरमध्ये दोन-तीन तास बसायची तयारी आहे का, यावर ते ठरतं.

तेलाचं आधी बोलू, कारण आपल्याकडे बहुतेक काम तिथेच बिघडतं. टेपचा गोंद तेलाने सुटतो. टेप काढायची काही द्रावणं तेलाचीच असतात. केराटिनचा बाँड, म्हणजे वितळवून बसवलेला जोड, तेलाने मऊ पडतो. रिंगमधून, म्हणजे धातूच्या बारीक कडीतून, तेलकट बट हळूहळू खाली सरकते. त्यामुळे आठवड्यातून दोनदा मुळांना खोबरेल चोळून रात्रभर ठेवायची सवय मोडणार नसेल, तर क्लिप, गंगावन किंवा दोऱ्याने शिवलेला वेफ्ट (केसांची लांब पट्टी) एवढेच पर्याय उरतात. मधला मार्ग म्हणजे तेल कानाच्या खालच्या लांबीलाच, अगदी थोडं, धुण्याच्या आदल्या रात्री लावायचं. मुळांना बोट लागता कामा नये.

मग केसांची जाडी मोजा. सगळे केस मागे घेऊन पोनी बांधा आणि रबराजवळ दोऱ्याने घेर मोजा. 5 सेंमीपेक्षा कमी असेल तर केस विरळ, 5 ते 10 मध्यम, त्याहून जास्त असेल तर दाट. विरळ केसांत रिंग वरून दिसतात आणि प्रत्येक बटेवर ताण येतो. तिथे टेप किंवा हलका क्लिप सेट बरा. दाट, जाड केसांना रिंग किंवा वेफ्ट चांगला धरतो. नुसता भरगच्चपणा हवा असेल तर साधारण 100 ग्रॅम पुरतात, लांबीही हवी असेल तर 150. खांद्यापर्यंत सरळ कापलेल्या दाट केसांत 200 ग्रॅमच्या खाली जोड लपत नाही. स्वतःचे केस निदान 10-12 सेंमी असल्याशिवाय टेप किंवा केराटिन लावू नये, जोड बाहेर दिसतो.

एका दिवसासाठी: गंगावन आणि क्लिप

लग्नात नऊवारीवर अंबाडा, खोपा किंवा लांब वेणी हवी असेल, तर टेप-रिंगच्या खर्चात पडायची गरजच नाही. गंगावन पुरतं. मानेच्या चार बोटं वर घट्ट पोनी बांधा, गंगावनाचा दोरा रबराच्या वरून दोनदा गुंडाळून गाठ मारा, त्याच्या तिन्ही बटा आपल्या केसांच्या तीन भागांत मिसळा आणि वेणी घाला. सगळा भार एकाच ठिकाणी येतो, म्हणून दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं. गाठीच्या दोन्ही बाजूंनी एकेक यू-पिन आडवी खोचली की भार विभागला जातो. जोड गजऱ्याखाली झाकला जातो. नायलॉनचं चमकदार गंगावन फ्लॅशमध्ये वेगळं दिसतं, त्यामुळे विकत घेताना दुकानाच्या दारात उजेडात धरून पाहा.

मोकळे केस हवे असतील तर क्लिप. सेटमध्ये बहुधा सात-आठ पट्ट्या असतात. शेपटीच्या कंगव्याने मानेच्या दोन बोटं वर आडवा भांग काढा, भांगाखालच्या बटेला मुळापासून 2 सेंमी उलटं विंचरा, हलका स्प्रे मारा आणि मग क्लिपचे दात त्यात घालून बंद करा. उलटं विंचरलं नाही तर सरळ, मऊ केसांवरून क्लिप तासाभरात घसरते. खालून वर जात कपाळाच्या रेषेपासून आणि कानशिलापासून निदान दोन बोटं आत थांबा. रोज वापरणार असाल तर जागा बदलत राहा, नाहीतर त्याच ठिकाणचे केस तुटतात. झोपताना क्लिप काढायच्याच.

टेप

बारीक ते मध्यम केसांसाठी आमच्या मते टेप सगळ्यात समजूतदार पर्याय आहे. भार 4 सेंमी रुंदीवर पसरतो, जोड चपटा राहतो आणि रोज दुचाकीवर हेल्मेट घालणाऱ्यांना टोचत नाही. नाशिकमध्ये सिडकोतून सातपूर-अंबडला रोज स्कूटरवर जाणारीने रिंगपेक्षा टेपचाच विचार आधी करावा. एक टेप साधारण अडीच ग्रॅमची असते. बटेच्या खाली एक आणि वर एक अशी जोडी लागते. म्हणजे 40 टेप, वीस जोड्या, 100 ग्रॅम.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. तेल बंद. बसवायच्या दिवशी खोल साफ करणाऱ्या शाम्पूने दोनदा धुवायचं, कंडिशनर नाही, सीरम नाही, आणि केस मुळापर्यंत कोरडे करायचे. नुकतंच स्मूदनिंग झालं असेल तर थांबा, त्या गुळगुळीत थरावर टेप धरत नाही.

1. मानेच्या रेषेपासून 3 सेंमी वर आडवा भांग काढा. पोनी वर बांधली तरी टेप दिसू नये म्हणून हे अंतर. कानशिलाला 2-3 सेंमी आणि डोक्याच्या माथ्यावर भांगाच्या दोन्ही बाजूंना तेवढीच जागा सोडा.
2. टेपएवढीच रुंद, अगदी पातळ बट घ्या. बटेच्या मागे बोट धरलं तर बोट दिसलं पाहिजे. सगळं काम याच पायरीवर ठरतं. बट जाड झाली तर वरची आणि खालची टेप एकमेकींना चिकटत नाही आणि चार दिवसांत सरकते. अगदी मोजकेच केस घेतले तर 5 ग्रॅमचा भार त्यांच्यावर येतो आणि ते मुळातून निघतात.
3. बट वर धरा. टाळूपासून पाऊण ते एक सेंमी अंतर ठेवून खालची टेप चिकटवा. बट तिच्यावर सपाट सोडा. बाजूचे निसटते केस कंगव्याच्या टोकाने बाहेर काढा. एकही केस दुसऱ्या बटेतला अडकला तर मान हलवताना तो टोचत राहतो.
4. वरची टेप कडेला कड जुळवून ठेवा आणि चिमटीत दहा सेकंद दाबा.
5. पुढची ओळ दोन बोटं वर घ्या. विटांच्या बांधकामासारखी, खालच्या दोन जोड्यांच्या मधोमध वरची जोडी येऊ द्या. एकावर एक रांग आली की मधून फट दिसते.

पुढचे 48 तास धुणं, वाफ, जिम, घाम, घट्ट बांधणं सगळं बंद. एप्रिल-मेमध्ये नाशिकमध्ये दुपारी चाळिशीच्या आसपास तापतं, तेव्हा वेळ संध्याकाळची घ्या आणि दुसऱ्या दिवशी भरदुपारी बाहेर पडू नका. टेप सहा ते आठ आठवडे राहते. तोवर केस दीड ते अडीच सेंमी वाढतात, जोड खाली येतो आणि गुंतायला लागतो. म्हणून टिकली म्हणून बारा आठवडे ठेवली, असं करू नये.

नवरीच्या बाबतीत मधल्या दिवसांचं गणित सांभाळा. हळदीत तेल आणि हळद दोन्ही केसांच्या रेषेपर्यंत येतात. टेप बसवायचीच असेल तर हळदीच्या तीन दिवस आधी बसवा आणि हळदीला केस वर गुंडाळून कापड बांधा.

रिंग

आतून सिलिकॉनचं अस्तर असलेली, मणीएवढी धातूची कडी, तिच्यातून आपली बट आणि 0.8 ते 1 ग्रॅमची जोडायची बट एकत्र घालून पक्कडीने चपटी करायची. ना गोंद, ना उष्णता, हे तिचं बलस्थान. आपली बट आणि जोडायची बट जवळपास सारख्या जाडीच्या असाव्यात. कडी टाळूपासून पाऊण सेंमी लांब ठेवा आणि दाबल्यावर बट चारी दिशांना फिरवून पाहा. एका बाजूला ओढ लागत असेल तर ती त्याच क्षणी उघडून पुन्हा बसवा, कारण हीच ओढ रात्री उशीवर दहापट जाणवते. पक्कड जोरात दाबली तर कडीच्या कडेने केस कापले जातात, हलकी दाबली तर कडी खाली येते. अस्तर नसलेली स्वस्त कडी घेऊच नका.

दर आठ ते बारा आठवड्यांनी कडी उघडून वर सरकवतात, केस तेच राहतात. दीर्घकाळ वापरायचं असेल तर हा हिशेब टेपपेक्षा स्वस्त पडू शकतो. फक्त बारीक, सरळ केसांत कड्या सरकतात. एमआरआय असेल तर धातूची कडी किंवा क्लिप असल्याचं तपासणीआधी सांगा.

केराटिन बाँड

जोडायच्या बटेच्या टोकाला केराटिनचा थेंब असतो. 180 अंशांच्या आसपास तापलेल्या चिमट्याने तो वितळवून आपल्या बटेभोवती बोटांनी वळतात. तयार बाँड तांदळाच्या दाण्याएवढा हवा. चणाडाळीएवढा झाला तर जास्त माल लागलाय, तो टोचणार. 100 ते 150 बटा, तीन-चार तास, आणि नीट जपलं तर तीन ते चार महिने. मोकळे केस सोडल्यावर सगळ्यात नैसर्गिक हेच दिसतात. पण काढायला द्रावण लावून बाँड पक्कडीने चुरडावा लागतो. घाईत ओढून काढणाऱ्या हाताने नुकसान होतं ते इथेच. म्हणून बसवणारी व्यक्तीच काढून देणार का, हे आधी ठरवा. स्ट्रेटनर बाँडपासून दोन बोटं लांब ठेवा, नाहीतर तो पुन्हा वितळतो.

शिवलेला वेफ्ट दाट, कुरळ्या केसांसाठी. बारीक आडव्या वेण्या घालून किंवा कड्यांच्या ओळीवर पट्टी दोऱ्याने शिवतात. वेण्यांवर शिवला असेल तर तेल चालतं, पण वेण्या घट्ट घातल्या तर कपाळाच्या कडेचे केस जातात. थेट केसांवर लेटेक्सचा गोंद लावून पट्टी चिकटवणाऱ्या पद्धतीपासून लांब राहा. लेटेक्सची अॅलर्जी असेल तर टाळू सुजते, आणि काढताना गोंदासोबत केस येतात. कुठलाही गोंद असो, कानामागे थोडासा लावून 48 तास थांबा.

जोडायचे केस पारखताना

रेमी केसांत सगळ्या केसांचे खवले एकाच दिशेला असतात. बट चिमटीत धरून वरून खाली बोट फिरवा, गुळगुळीत लागेल. खालून वर फिरवा, किंचित खरखरीत लागलं पाहिजे. दोन्ही दिशांना काचेसारखं गुळगुळीत असेल तर सिलिकॉन लावलेलं आहे. चार-पाच धुण्यांत ते निघून जातं आणि मग गुंता होतो. एक केस जाळून पाहा. खऱ्या केसाला जळक्या केसाचा वास येतो आणि राख चुरडते, नायलॉनचा गोळा होतो. रंग मुळांशी नाही, तर मधल्या लांबीशी आणि टोकांशी जुळवा, तोही ट्यूबलाइटखाली नको. काळी मेंदी लावत असाल तर ती बसवण्याआधी लावून घ्या. एकदा बसवल्यावर मेंदीचे कण जोडांत अडकतात आणि निघत नाहीत.

धुणं आणि वाळवणं

बादली-मगाने न्हाताना आपण डोकं पुढे वाकवतो. एक्स्टेन्शनला ही सवय महागात पडते, सगळे जोड उलटे होऊन एकमेकांत गुंततात. स्टुलावर ताठ बसा, मान मागे टाका, पाणी कपाळाकडून पाठीकडे जाऊ द्या. शाम्पू तळहातावर पातळ करून बोटांनी ओळींच्या मधे फिरवा, चोळून गोळा करू नका. कंडिशनर कानाखालीच. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर शेवटचे दोन मग पिण्याच्या पाण्याचे घ्या. जोडलेल्या केसांना टाळूचं तेल मिळत नाही, त्यामुळे क्षार त्यांना लवकर राठ करतात.

जुलै-ऑगस्टमध्ये केस आपोआप वाळतील या भरवशावर राहू नका. जोडाखाली ओल राहिली की वास येतो, खाज सुटते. ड्रायर मध्यम उष्णतेवर, आधी मुळं, मग लांबी. रामकुंडावर स्नान झालं तर घरी येऊन त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा. झोपताना सैल वेणी. ओले केस घेऊन झोपायचं नाही.

पहिल्या दोन दिवसांत किंचित जड वाटतं. पण टाळूवर पांढरे पुटकुळीसारखे ठिपके, डोकेदुखी किंवा भुवया ओढल्यासारखं वाटणं म्हणजे ताण जास्त आहे. तेवढी जोडी लगेच काढून घ्या. हा ताण महिनोन् महिने राहिला तर कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात. बाळंतपणानंतर केसगळती सुरू असेल, टाळूवर बुरशी किंवा सोरायसिस असेल, तर फक्त हलक्या क्लिप, त्याही जखम नसलेल्या जागी.

काढताना टेपच्या कडेला द्रावण सोडा, मिनिटभर थांबा, आणि ती आपोआप उघडेपर्यंत पुन्हा लावा. नखाने उकलू नका. निघालेल्या जोडात केसांचा पुंजका दिसतो आणि बायका घाबरतात. रोज 50 ते 100 केस गळतातच. आठ आठवडे त्यांतले काही जोडात अडकून राहिलेले असतात. केसाच्या टोकाला पांढरा बारीक गोळा असेल तर तो नेहमीचा गळलेला केस. गोळा नसलेले, अर्ध्यातून तुटलेले केस जास्त असतील, तर पुढची खेप दोन महिने पुढे ढकला आणि नंतर निम्म्या वजनाने सुरू करा. जुन्या टेपचा गोंद अल्कोहोलने पूर्ण पुसून, केस धुऊन, नवी दुहेरी टेप लावली की तेच केस पुन्हा वापरता येतात. पार्लरमध्ये पहिल्या दिवशीच केसांचा, बसवण्याचा, पुन्हा टेप लावण्याचा आणि काढण्याचा असे चार वेगळे भाव लिहून मागा.