एक क्रेट, पण काउंटरवर पाच

वरूडकडे आमची संत्र्याची बाग आहे. क्रेट मोजायला एफपीजीए बोर्डासाठी (यातल्या चिपमधलं सर्किट आपणच कोडने ठरवतो) व्हेरिलॉग या सर्किट लिहायच्या भाषेत काउंटर लिहिला. बटण दाबलं की आकडा एकने वाढायचा. लॅपटॉपवर आयकॅरस व्हेरिलॉग या सिम्युलेटरमध्ये सगळं चोख. बोर्डावर मात्र एका दाबात कधी दोन, कधी पाच. बाबा म्हणाले, "काहून रे, बगिच्यात संत्री नाहीत एवढे तुझे क्रेट!"

दोन रात्री कोड उलटापालटा केला. (तसंही रात्रीची लाइन, ओलितासाठी जागायचंच होतं.) मग ट्यूब पेटली. टेस्टबेंचमधलं, म्हणजे सिम्युलेटरवर सर्किट तपासायच्या कोडमधलं, बटण शून्यावरून सरळ एकवर जातं. खऱ्या बटणाच्या पट्ट्या टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात. बोर्डाचा ५० मेगाहर्ट्झचा क्लॉक (सर्किटला ताल देणारा ठोका) दर २० नॅनोसेकंदांनी बघतो, त्याला प्रत्येक थरथर नवा दाब वाटते.

आधी सिग्नल दोन फ्लिप-फ्लॉपमधून (क्लॉकच्या ठोक्याला एक बिट साठवणारे घटक) नेला, कारण बोट काही क्लॉक बघून दाबत नाही आणि पहिला फ्लिप-फ्लॉप क्षणभर शून्य-एकच्या मध्ये अधांतरी अडकू शकतो. इथे नॉन-ब्लॉकिंग असाइनमेंटच हवी, म्हणजे दोन्ही किमती ठोक्याला एकदमच बदलतात. मी ब्लॉकिंग (एकामागून एक लगेच बदलणारी) लिहिली होती, तर दोनाचा एकच फ्लिप-फ्लॉप झाला! पुढे २० बिटांचा टायमर. सिग्नल बदललेला राहील तोवर तो वाढतो, मध्येच परतला की शून्य. भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात; भरला तरच बदल मान्य. काउंटर फक्त मान्य सिग्नल शून्यातून एकवर जाताना वाढतो.

आता टेस्टबेंचमध्येही मुद्दाम थरथरणारं बटण घातलंय. काल बोर्डावर ५० दाबले, ५० मोजले.