फळांची आणि दाण्यांची पिठं रोजच्या खाण्यात कशी मिसळायची

मी पहिल्यांदा खोबऱ्याचं पीठ वापरलं तेव्हा उत्साहात अर्धी कणीक काढून त्याजागी अर्धं ते घातलं, पाणी नेहमीएवढंच, आणि जे काही झालं त्याला पोळी म्हणणं अवघड होतं, लाटायला घेतलं की कडा फाटायच्या आणि तव्यावर जाईपर्यंत चार तुकडे. तेव्हा डोक्यात आलं की नुसतं पीठ म्हटलं म्हणून सगळी पिठं सारखी वागत नाहीत. आधी बघायचं की यात मुख्य काय आहे, स्टार्च, तेल की चोथा, मग पुढचं सगळं आपोआप ठरतं.

स्टार्चवाली म्हणजे कच्ची केळी, फणसाच्या आठळ्या, चेस्टनट (थंड प्रदेशातल्या एका झाडाचा पिठूळ दाणा). ही कणकेच्या सगळ्यात जवळची. तेलवाली म्हणजे बदाम, अक्रोड, काजू, शेंगदाणे (शेंगदाणा खरं तर कडधान्याच्या कुळातला, पण स्वयंपाकघरात कोण विचारतंय). आणि चोथावाली म्हणजे नारळाचं दूध काढून उरलेला चव वाळवून दळला की होतं ते खोबऱ्याचं पीठ. हे पाणी असं पितं की बघत राहावं, म्हणून मळून झालं की १५ मिनिटं झाकून ठेवायचं आणि मग हात लावून बघायचं, घट्ट वाटलं तर अजून पाणी.

यातल्या एकातही ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते चिवट प्रथिन, नसतं, त्यामुळे गव्हाची कणीक जी ताणली जाते ती हे घातलं की कमी ताणली जाते. सुरुवात १० टक्क्यांनी करा, म्हणजे २०० ग्रॅममधले २० ग्रॅम. जमलं तर २० ते २५ टक्क्यांपर्यंत जा, खोबऱ्याचं मात्र १० ते १५ च्या वर नको. ब्रेडला अजून सांभाळून, फुगत नाही नाहीतर. बिस्किटं, पॅनकेक, लापशी यांना ताण लागतच नाही, तिथे हात सैल सोडला तरी चालतं.

घरी करायचं असेल तर केळी एकदम हिरवी घ्या, साल काढून ३-४ मिमी चकत्या करा, लिंबाच्या पाण्यात १० मिनिटं बुडवा म्हणजे काळ्या पडत नाहीत, मग कडक उन्हात किंवा ५५ ते ६० अंशांवर वाळवा. चकती वाकवून बघायची, वाकली तर अजून ओल आहे, कट्कन तुटली तर दळा. आठळ्या आधी उकडायच्या, पांढरं चिवट साल काढायचं, चिरून वाळवायच्या आणि मगच दळायच्या, कच्च्या नकोत, त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात ते उकडल्यावर बरेच कमी होतात.

तेलवाल्यांची गंमत वेगळीच. मिक्सर सलग फिरवला की दोन मिनिटांत पिठाऐवजी लोणी होतं, माझा एक वाटी बदाम असाच भांड्याला चिकटून बसला होता, शेवटी टोस्टला लावून संपवला. फ्रीजमधले गार बदाम घ्या, पूर्ण कोरडे, पल्सवर थोडं थोडं फिरवा, मध्ये थांबा, चाळा, वरचं परत टाका. चमचाभर कणीक सोबत टाकली तर तेल सुटायला वेळ लागतो.

आता फायदा किती ते प्रामाणिकपणे सांगते. २०० ग्रॅम कणकेतली ४० ग्रॅम काढून तेवढं बदामाचं पीठ घातलं तर प्रथिनं जेमतेम ४ ग्रॅम वाढतात आणि तेल मात्र १९-२० ग्रॅमनी वाढतं. तेल चांगलं आहे, पोट भरलेलं राहतं, पण प्रोटीन प्रोटीन म्हणून डबे भरून आणायची गरज नाही. प्रोटीनच हवं असेल तर तेल काढून घेतलेलं शेंगदाण्याचं पीठ बरं. कच्च्या केळ्याच्या पिठात न पचणारा स्टार्च असतो, आतड्यातल्या बॅक्टेरियांचं खाद्य, पण शिजवलं की तो बराच कमी होतो, त्यामुळे त्यासाठीच घेत असाल तर चमचाभर पीठ दह्यात कच्चंच ढवळा.

कडू बदाम आणि जर्दाळूच्या आतल्या कडू बिया यांचं पीठ अजिबात करू नका, त्यातून सायनाइड तयार होतं. ओकच्या बिया मात्र वेगळ्या, त्यांचा कडूपणा टॅनिनचा, म्हणजे चहात असतो तशा तुरट घटकाचा, सोलून कुटून पाणी बदलत बदलत कडूपणा जाईपर्यंत भिजवल्या की खाता येतात. बुरशी लागलेला दाणा भाजून काही होत नाही, बुरशीचं विष नेहमीच्या भाजण्याने पूर्ण जात नाही, तो लॉटच फेकायचा. आणि पाहुण्यांना खायला देताना आधी सांगा की यात दाणे आहेत, पिठात ते दिसत नाहीत आणि ॲलर्जी असलेल्याला चमचाभरसुद्धा महागात पडतं.

ओव्हनमध्ये ही पिठं लवकर लाल होतात, म्हणून १० अंश कमी ठेवा आणि शेवटची पाच मिनिटं समोरून हलू नका. केळ्याचं पीठ हवाबंद डब्यात बाहेर आरामात टिकतं. तेलवाली पिठं फ्रीजरमध्येच, आणि वापरण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवून बघा, जुन्या ऑइल पेंटसारखा वास आला की ते खवट झालंय.