कुत्र्याला देवराईतून फिरवून आणायचं असेल तर

लसी, पाणी, खाऊ हे तुमचं झालेलं असणार असं धरतो. जागा अभयारण्यात येत नाही ना तेवढं आधी बघा, तिथे पाळीव कुत्रा नेता येत नाही. मी बोलतोय ते मुळशी-भोरकडच्या गावराखीव देवरायांबद्दल, जिथे देवाच्या नावानं पिढ्यानपिढ्या कुऱ्हाड लागलेली नाही आणि गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड होऊन झाडावरून झाडावर गेलेला दिसतो.

गावात पोचलात की गुरवाला नाहीतर देवळापाशी बसलेल्या कुणालाही विचारा, "काका, कुत्रं घेऊन राईत गेलं तर चालेल का?" नाही म्हणाले तर परत फिरायचं. वाद घालायचा नाही, राई त्यांनी राखलीये. हो म्हणाले तरी देवाच्या चौथऱ्यापासून कुत्रा लांबच ठेवा.

वेळ म्हणाल तर थंडीतली सकाळ, आठ ते अकरा. पावसात जळवा, आणि संध्याकाळी बिबट्या, त्याला कुत्रं आयतंच मिळतं.

आता खरी अवघड गोष्ट, वास लागल्यावर कुत्र्याला सांभाळणं. "जंगलात मोकळं सोडा हो, एंजॉय करू दे त्याला" असं सांगणारे खूप भेटतात, त्यांचं अजिबात ऐकू नका. मी पट्टा सोडला नव्हता तरी माझा कुत्रा चिकू पळाला होता, कारण माझ्याकडे तो बटण दाबलं की आत गुंडाळला जाणारा दोरीचा पट्टा होता. पाचोळ्यात काहीतरी खसखसलं, त्यानं झेप घेतली, प्लास्टिकची मूठ माझ्या हातातून निसटली आणि त्याच्या मागे दगडांवर खडखड आपटत निघाली, त्या आवाजाला घाबरून तो आणखी जोरात पळाला. दीड तासानं करवंदाच्या जाळीत सापडला, दोरी खोडाला तीन वेढे घेऊन बसलेली, ओरडून ओरडून आवाज बसलेला. ऊन वाढलं असतं किंवा रात्र झाली असती तर काय, हा विचार अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून एकच पद्धत. छातीचा हार्नेस, त्याला पाच मीटरचा साधा चपटा पट्टा. टोकाच्या फासात उजव्या हाताचा अंगठा घालून मूठ आवळायची, डावा हात पुढे पट्ट्यावर, तो ब्रेक. मनगटाला वेढा मारू नका, पंचवीस किलोचं कुत्रं झेपावलं की मनगट जातं.

पण पट्टा ही शेवटची गोष्ट, त्याआधी दोन सेकंद मिळतात ते पकडायला शिका. कुत्रा साधं हुंगत असतो तेव्हा शेपूट सैल असते, नाक जमिनीवर इकडेतिकडे फिरत असतं, ते खुशाल करू द्या, त्यासाठीच तर आणलंय. वास "लागला" की सगळं थांबतं, डोकं वर, कान पुढे, तोंड मिटतं, कधी एक पाय हवेत तसाच राहतो. त्याच क्षणी नाव घ्यायचं आणि स्वतः उलट दिशेला चालायला लागायचं, वळला की लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा. मागे खेचत उभे राहिलात तर तो आणखी पुढे ओढणार, कुत्र्याचा स्वभावच तो. ही सवय घराजवळ, मांजरं-कबुतरं असतात तिथे महिनाभर करून घ्या, राईत पहिल्यांदा करायला जाल तर जमणार नाही.

भेकर म्हणजे रानातलं छोटं हरीण, त्याचं ओरडणं तर अगदी कुत्र्याच्या भुंकण्यासारखं, आणि आपला त्याला उत्तर द्यायला लागतो. भेकर एकाच जागेवरून सारखं ओरडत असेल, किंवा वानरं वरून खाकरायला लागली, तर बिबट्या जवळ असू शकतो. पट्टा आखडून घ्या, आल्या वाटेनं बाहेर. धावायचं नाही.

डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-जनावरांच्या लघवीतून पाण्यात येणारा आजार) धोका असतो. शी पिशवीत भरून परत आणायची, पानांखाली ढकलायची नाही. देवाची जागा आहे, शिवाय कुत्र्यांचे आजार रानातल्या प्राण्यांना लागतात. 2018 मध्ये गीरच्या सिंहांमध्ये डिस्टेंपर निघाला होता, तोच आजार ज्याची लस आपण कुत्र्याला देतो. खाजकुयलीच्या वाळक्या शेंगा दिसल्या तर लांबूनच जा.

गाडीत बसवायच्या आधी गोचिडी बघा. बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, काखा, जांघा, हार्नेसच्या पट्ट्यांखाली. रॉकेल, तेल, पेटती विडी यातलं काहीही लावू नका, कातडी भाजते आणि गोचीड सुटत नाही ती नाहीच. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून, गोचीड तोंडाजवळ धरून सरळ, सावकाश ओढा, पोट दाबू नका. स्वतःच्या पायांवरही बघा. तळकोकणात, सिंधुदुर्गात, 2016 पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि तो गोचिडीतूनच येतो. गोचीड काढली ती तारीख मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या तीन आठवड्यांत कुत्रं जेवेनासं झालं, अंग तापलं, हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि ती तारीख सांगून रक्त तपासून घ्या.