मृगाच्या पावसात तिबोटी खंड्या कसा शोधावा

कोकणात पावसाळ्यापुरते विणीसाठी येणारे जे पक्षी पाहण्यासाठी लोक दुरून येतात, त्यांत तिबोटी खंड्याचा मान पहिला आणि नवरंगाचा त्याच्या लगोलग. तिबोटी चिमणीपेक्षाही लहान, जेमतेम १३ सेंटीमीटरचा असतो. पायाला तीनच बोटे असल्यामुळे त्याला हे नाव पडले आहे. लाल-नारिंगी चोच, पिवळे पोट आणि निळी-जांभळी पाठ असे भडक रूप असूनही तो दाट सावलीत सहज हरवतो, आणि दुर्बीण घेऊन त्याच्या मागे रानभर फिरणाऱ्याच्या हाती बहुधा एक निळी रेघ तेवढी लागते. म्हणून शोध पक्ष्यापासून सुरू न करता त्याला लागणारे पाणी, माती आणि खाद्य यांपासून सुरू करावा.

आधी तारीख ठरवावी. मोसमी पाऊस मुंबईत पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. दक्षिण कोकणात तो त्याआधीच आलेला असतो. तिबोटी साधारण याच सुमारास येतो. अंडी उबवायला सुमारे १७ दिवस आणि पिल्ले बिळाबाहेर पडायला आणखी सुमारे २० दिवस लागतात, हा हिशेब मांडला की सहलीचा हेतूही ठरवता येतो. जोडी जमताना पाहायची असेल तर मृग लागल्यानंतरचे पहिले दोन आठवडे बरे. पिल्लांसाठी चाललेली धावपळ पाहायची असेल तर जुलै बरा. एकाच दिवसाची सहल आखू नये. मुसळधार पावसात पक्षी आणि माणूस दोघेही आडोशाला बसतात, त्यामुळे किमान दोन सकाळी हाताशी असाव्यात, म्हणजे एखादी उघडीप तरी पदरात पडते.

मग वहाळ निवडावा. मुंबई-गोवा महामार्गावरचे, पनवेलजवळचे कर्नाळा अभयारण्य प्रसिद्ध आहे, पण रायगड आणि रत्नागिरीच्या गावांलगत तशीच जागा पुष्कळ सापडते. उन्हाळ्यात कोरडा पडणारा आणि पहिल्या पावसानंतर वाहू लागणारा लहान वहाळ, वर झाडांचे दाट छत आणि बाजूला मातीची उभी दरड, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की तिथे थांबावे. दरड जांभ्याच्या कठीण दगडाची असून चालत नाही, कारण हा पक्षी चोचीने माती उकरून आडवे बीळ खणतो आणि ते बीळ मीटरभर लांबही जाऊ शकते. पायवाटेसाठी किंवा रस्त्यासाठी खोदलेली कडाही त्याला पुरते. मोठ्या नदीच्या काठी फारसा वेळ दवडू नये, कारण नाव खंड्या असले तरी याचे पोट केवळ माशांवर चालत नाही. पाली, सापसुरळ्या, लहान खेकडे, बेडूक, नाकतोडे असे रानातले खाद्य त्याला लागते. देवराईतून वाहणारा वहाळ मिळाला तर उत्तमच, मात्र तिथे शिरण्यापूर्वी गावातल्या गुरवाला किंवा जाणत्या माणसाला विचारावे.

गावात विचारपूस करावी, पण पुस्तकातले नाव घेऊन नव्हे. हे पक्षी रात्री स्थलांतर करतात आणि पावसाच्या तोंडावर दिव्यांच्या उजेडाने भांबावून घरांच्या काचांवर आदळतात. तेव्हा ‘काकी, पाऊस सुरू होताना लाल चोचीचा एवढासा पक्षी कधी पडवीत येऊन पडला होता का?’ या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता पुष्कळ असते. गुरे राखणारे आणि खेकडे धरायला वहाळात उतरणारे लोक याबाबतीत सर्वांत उपयोगी पडतात. त्यांनी दाखवलेली जागा त्यांच्या वाडीची असते, याचे भान ठेवून बांधावरून आणि नुकत्याच पेरलेल्या रोपवाटिकेतून चालू नये.

पहाटे कानांनी शोधावे. उजाडण्याच्या आधी ठरलेल्या जागी पोहोचून बसावे. प्रथम बहुधा नवरंग बोलतो. त्याची दोन स्वरांची स्वच्छ शीळ पहाटे आणि संध्याकाळी ऐकू येते, आणि तो स्वतः जमिनीवर पाचोळा उलथत असतो, त्यामुळे नजर फांद्यांवर न ठेवता झाडांच्या बुंध्यांशी ठेवावी. तिबोटीचा आवाज वेगळा, अतिशय बारीक आणि तार असतो, आणि तो उडता उडता, पाण्यालगत जाताना येतो. साठी उलटलेल्यांना असे तार स्वर अनेकदा ऐकूच येत नाहीत, म्हणून सोबतीला तरुण कान असलेला बरा. शेताच्या बाजूने पावशाचे ‘पेरते व्हा’ अखंड चालू असते. त्याखालून हा बारीक स्वर वेगळा काढायला सवय लागते. ध्वनिमुद्रण वाजवून पक्ष्याला बोलावण्याचा मोह टाळावा. विणीच्या काळात नर त्याला प्रतिस्पर्धी समजून घरटे सोडून धावतो.

आवाज आला की हलू नये. ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण इथेच हरतात. दरडीपासून निदान २५-३० पावलांवर, झाडाला पाठ लावून अर्धा-पाऊण तास बसावे. सळसळणाऱ्या रेनकोटपेक्षा गडद रंगाची छत्री बरी. बसण्यापूर्वी काठीने पाचोळा हलवून पाहावा, कारण कोकणात फुरसे आहे; विजार मोज्यात खोवावी, म्हणजे जळवांचाही त्रास कमी होतो.

पक्षी फांदीवर दिसला की आधी त्याची चोच पाहावी. भक्ष्य फांदीवर आपटून झाल्यावर त्याचे डोके स्वतःच्या घशाकडे वळवलेले असेल तर तो स्वतः खाणार आहे. डोके बाहेरच्या बाजूला, चोचीच्या टोकाकडे धरून तो थांबला असेल तर तो घास जोडीदारासाठी किंवा पिल्लासाठी आहे, कारण घेणाऱ्याला तो डोक्याकडून गिळायचा असतो. असा घास घेऊन पक्षी बराच वेळ जागेवरच बसून राहिला तर तुम्ही बिळाच्या फार जवळ आहात आणि तो आत जायला कचरतो आहे. ताबडतोब मागे सरावे. तो आत गेला तर दुर्बिणीतूनच पाहावे: वापरातल्या बिळाच्या तोंडाशी पायांच्या घासण्याने पडलेल्या दोन बारीक खाचा दिसतात.

छायाचित्रासाठी बिळासमोर काडी रोवणे, आडच्या वेली कापणे, फ्लॅश मारणे हे प्रकार सर्रास चालतात. माझ्या मते अशा छायाचित्रात पक्ष्याची घाबरगुंडीच टिपलेली असते. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी वा घरटी यांना धक्का लावणे समाविष्ट आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

नोंद त्याच दिवशी करावी. तारीख, वेळ, पावसाची स्थिती, चोचीतले भक्ष्य आणि पक्षी कोणत्या दिशेने गेला, एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले. दुसऱ्यांना सांगताना मात्र तालुक्याच्या पलीकडे तपशील देऊ नये, आणि छायाचित्रासोबत जाणारी ठिकाणाची माहिती फोनमधून आधीच बंद करावी. ऑक्टोबरमध्ये, वहाळ आटू लागल्यावर, रिकाम्या दरडीपर्यंत एकदा जाऊन यावे. बिळात हात घालू नये, पण त्याची जमिनीपासूनची उंची, मातीचा पोत आणि सावलीची बाजू टिपून ठेवावी. पुढल्या मृगात नवा वहाळ निवडताना याच तीन नोंदी कामाला येतात.