लांबच्या रपेटीआधी जुनी कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनाची बुलेट ३५०

ऑइलपासून सुरुवात करा, पण गाडी बरेच दिवस उभी असेल तर थंड इंजिनात डिपस्टिक बघून वरून ऑइल ओतू नका. ऑइलच्या टाकीतलं ऑइल झिरपून खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळच्या, क्रँक फिरतो त्या भागात) साचतं आणि पातळी कमी दिसते. इंजिन चार-पाच मिनिटं चालवा, बंद करा, मग मोजा. ऑइल २०डब्ल्यू-५०.

टॅपेट (पुशरॉड, म्हणजे उभ्या दांड्या, ढकलून व्हॉल्व्ह उघडणारे भाग) मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासा. प्लग काढा, किकने पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा; दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. सिलिंडरशेजारचं टॅपेट कव्हर उघडून पुशरॉड चिमटीत फिरवून बघा. तो सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये. इथे फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागत नाही. चेकनट (सेटिंग पक्कं धरणारा नट) आवळताना सेटिंग हमखास सरकतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा. थोडी टकटक चालेल, घट्ट टॅपेट चालणार नाही: व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

पॉइंट (इग्निशनची उघडझाप करणारे संपर्क) पूर्ण उघडल्यावर गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवून पेट्रोलच्या फडक्याने पुसा; तेलकट पॉइंट गरम इंजिनात दगा देतात.

चेनला सर्वांत ताठ जागी २५-३० मिमी ढील ठेवा. चेन जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला. चेन ताणताना चाक मागे सरकलं की मागचा ब्रेकही घट्ट होतो. ब्रेक रॉडचा नट थोडा सोडा.