रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिची वंशावळ मांडताना
आधी मूळ नाव लिहा: सोफी, जन्म १७२९, श्टेटिन (आजचं पोलंडमधलं श्चेचिन). ‘येकातेरिना अलेक्सेयेव्हना’ हे नाव १७४४ मध्ये ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारताना मिळालं. रशियन नावातला दुसरा भाग एरवी वडिलांच्या नावावरून येतो; इथे वडील क्रिस्टियान ऑगस्ट, तेव्हा ‘अलेक्सेयेव्हना’वरून बाप शोधायला गेलात तर फसलात. अठराव्या शतकातल्या रशियन तारखा जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या, म्हणून त्यांत ११ दिवस मिळवा. तिचा २१ एप्रिलचा जन्म २ मे होतो. नवरा पीटर तिसरा, लग्न १७४५. त्याच्याखाली पावेल (१७५४) आणि दोन वर्षांचीही न झालेली आना (१७५७). अलेक्सेय बोब्रिन्स्की (१७६२) मात्र लग्नाबाहेरचा, म्हणून तुटक रेषेने तिचा प्रियकर ग्रिगोरी ओर्लोवशी जोडा. पावेलच्या पितृत्वाबाबत तिचा आणखी एक प्रियकर सर्गेई साल्तिकोव याचं नाव घेतात. ती कुजबुज समासातच बरी. सुनांची गल्लत टाळा: पहिली नताल्या १७७६ मध्ये बाळंतपणात गेली, पावेलची दहाही मुलं दुसरीची, मारिया फ्योदोरोव्हनाची.