जपानच्या किनाऱ्यावर मच्छीमाराच्या घरी मुक्काम: तोबा-शिमाला कसं जायचं, काय खायचं

जपानला जाणारे आपले बहुतेक लोक टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका करून परत येतात, अगदी माशाशिवाय घास न उतरणारे सुद्धा, आणि समुद्रकाठी एक रात्र काही काढत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. जागा एकच घेते, मिए प्रांतातला तोबा-शिमा भाग. नागोयाहून किन्तेत्सु रेल्वेच्या एक्सप्रेसने दीड-पावणेदोन तास, ओसाकाहून दोन तासांच्या आसपास. जेआर पास (परदेशी पर्यटकांचा रेल्वे पास) किन्तेत्सुवर चालत नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं, हे आधीच लक्षात ठेवा.

राहायचं मिन्शुकुत. आपल्याकडे मालवण-तारकर्लीला घरगुती सोय असते ना, तसंच. मोजक्या खोल्या, खाली तातामी चटया, झोपायला फुतॉन म्हणजे जमिनीवर घालायची गादी, बाथरूम बहुतेक वेळा कॉमन, आणि बऱ्याच ठिकाणी मालक स्वतः मच्छीमार किंवा घरातलं कुणीतरी समुद्रावर जाणारं. बुकिंग करताना 'एक रात्र दोन जेवणं' हाच प्लॅन घ्या म्हणजे रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता. भाडं खोलीचं नसतं तर माणशी असतं, साधारण 10 ते 15 हजार येन धरून चला, शेवंड किंवा आवाबी नावाचा मोठा शिंपला हवा असेल तर त्याचे वरून पैसे आणि ते आधी सांगावं लागतं. राकुतेन ट्रॅव्हल आणि जालान या साइटवर बरीच मिन्शुकु मिळतात. कॅश जवळ ठेवा, छोट्या ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही, आणि टिप देऊ नका, तिथे ती पद्धत नाही.

इथे आपण खरं तर जेवण बुक करतो, खोली त्याच्यासोबत मिळते. एवढं डोक्यात बसलं की बाकीचे नियम आपोआप कळतात. जेवण सहा-साडेसहाला लागतं, म्हणून पाचपर्यंत पोचा, उशीर होणार असेल तर फोन करा. आयत्या वेळी कॅन्सल करू नका, तुमच्या नावाने मासे आणून ठेवलेले असतात. काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे हे बुकिंगच्या वेळीच ट्रान्सलेटर ॲपवरून जपानीत लिहून पाठवा, ताटावर बसल्यावर नको.

आता सीझन. इसे एबी म्हणजे तिथली शेवंड, मिएमध्ये ती ऑक्टोबर ते एप्रिल मिळते, मे ते सप्टेंबर पकडायला बंदी असते. कालवं थंडीत, तोबाजवळच्या उरामुरा भागात ती भाजून देणाऱ्या झोपड्याच आहेत. आवाबी उन्हाळ्यात चांगला. माझं मत विचाराल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरला जा, हवा छान असते, शेवंड सुरू झालेली असते आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या वादळांचा त्रास बऱ्यापैकी टळतो. समुद्र खवळला की होड्या जात नाहीत आणि मेनू बदलतो, त्यावर वाद घालू नका.

ताटात सगळ्यात आधी साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप. शेवंडीचं पारदर्शक मांस काढून परत तिच्याच कवचात मांडून आणतात, ताजी इतकी की कधीकधी मिशा हलत असतात. ते बघवत नसेल तर आधीच सांगा, भाजून किंवा उकडून देतात. मग सोया सॉस, साखर आणि मिरिन या गोड मद्यात आटवलेला अख्खा मासा, मीठ लावून भाजलेला एखादा, तेम्पुरा म्हणजे पिठात बुडवून तळलेले तुकडे. साझाए नावाची मोठी गोगलगायीसारखी शिंपली जाळीवरच उकळत्या रसासकट येते, तिच्यात टोचणी खुपसून शिंपली हळूहळू फिरवायची म्हणजे आतलं मांस शेपटासकट अख्खं बाहेर येतं, टोकाचा हिरवा भाग कडू लागतो, आवडला नाही तर सोडा. भात सगळ्यात शेवटी येतो. आपल्याला माशाबरोबर भात लागतो, म्हणून सुरुवातीलाच 'गोहान' मागा, हसतमुखाने देतात. रात्रीच्या शेवंडीचं डोकं सकाळी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) सूपमध्ये घालतात, ते सूप आणि सोबत भाजलेला सुका मासा, यासाठी लवकर उठायलाच हवं.

घरातले नियम थोडक्यात. चप्पल-बूट दारात, स्लिपर्स पॅसेजमध्ये, तातामीवर स्लिपर सुद्धा नाही, टॉयलेटच्या स्लिपर्स टॉयलेटमध्येच राहू द्या. यूकाता (घरात घालायचा सुती किमोनो) घालताना डावी बाजू वर, उजवी बाजू वर फक्त मृताला नेसवताना करतात. आंघोळ बाहेर बसून साबण लावून पूर्ण करायची आणि मग टबात उतरायचं, निघताना टबातलं पाणी सोडायचं नाही, तुमच्यानंतर बाकीचे त्याच पाण्यात बसणार असतात.

दुसऱ्या दिवशी तोबाहून बसने ओसात्सु गावात जा, आमांच्या झोपडीत जेवायला. आमा म्हणजे सिलेंडरशिवाय, श्वास रोखून समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायका. आवाबी 10.6 सेंटीमीटरपेक्षा लहान निघाला तर परत समुद्रात सोडावा लागतो, मोजपट्टी त्यांच्याजवळच असते. डोक्याच्या फडक्यावर जांभळ्या धाग्याने दोन खुणा भरलेल्या असतात, एक चांदणी आणि एक जाळी. चांदणी एका रेषेत काढली की जिथून सुरू केली तिथेच परत येते, तशी बाई पाण्यातून सुखरूप परत यावी, आणि जाळीचे अनेक डोळे तिच्यावर लक्ष ठेवतात. पाण्याच्या वर आल्यावर त्या जो शिट्टीसारखा श्वास सोडतात तो त्यांच्या तोंडून ऐकायला मागा. त्या स्वतः निखाऱ्यावर भाजून खायला घालतात आणि गप्पा मारतात. रिझर्व्हेशन आधी करावंच लागतं. गावातल्या शिनमेई देवळात बायकांची एक इच्छा पूर्ण होते अशी श्रद्धा आहे, चिठ्ठीवर लिहून टाकायची.

इसे देवस्थान जवळच आहे, आधी बाहेरचं गेकू मग आतलं नाइकू असा क्रम. देऊळ दर 20 वर्षांनी नवीन बांधतात, मागचं 2013 ला झालं, पुढचं 2033 ला. मुख्य पायऱ्यांच्या वर फोटो काढू नका. इथे आमांनी काढलेल्या आवाबीचा नैवेद्य जातो, म्हणून आधी ओसात्सु बघून मग इथे आलात तर जास्त भिडतं.

ग्रुपमध्ये शाकाहारी असतील तर त्यांना मिन्शुकुत नेऊ नका, भाजीत आणि सूपमध्येही माशाचा स्टॉक असतो आणि तो काढून स्वयंपाक करणं त्या काकूंना जमत नाही. त्यांच्यासाठी वाकायामा प्रांतातल्या कोयासानला देवळात राहायची सोय आहे, तिथे शाकाहारी जेवण मिळतं.

मोठ्या बॅगा ताक्युबिन कुरिअरने पुढच्या हॉटेलला पाठवा, साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात, कारण गावातल्या बस कमी आणि छोट्या. परतीच्या बसची वेळ आल्या आल्या फोटो काढून ठेवा. क्योतोकडून उत्तरेला जायचं असेल तर इने गावात पाण्यावरची होडीघरं आहेत, सुमारे 230, आणि किनोसाकीला सात सार्वजनिक गरम कुंडं आणि 6 नोव्हेंबरपासून खेकड्याचा सीझन. खेकड्याच्या दिवसांत तिथल्या खोल्या खूप आधी भरतात, तेव्हा तारखा ठरल्या की पहिली खोली घ्या, मग ट्रेनचं बघा.